फेरेटचा आहार दाण्यांवरून कच्च्या मांसावर आणताना

प्रश्न इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा आहे. प्राण्यांच्या निवाऱ्यातून त्यांनी दोन फेरेट, म्हणजे पाणमांजराच्या कुळातले छोटे पाळीव मांसाहारी प्राणी, घरी आणले, एक साडेचार वर्षांचा खच्ची केलेला नर आणि एक दीड वर्षाची मादी. दोघेही आजवर कोरड्या दाण्यांवर, म्हणजे किबलवर वाढलेले आहेत. ओळखीच्या काही फेरेटपालकांनी त्यांना कच्चे मांस सुरू करण्याचा आग्रह केला आणि ‘दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खातील’ असा सल्लाही दिला; मात्र समोर ठेवलेल्या खिम्याकडे दोघांनी ढुंकूनही पाहिले नाही. घर शाकाहारी आहे, ऑक्टोबरात आजी पुण्याहून काही महिन्यांसाठी येणार आहेत आणि फेब्रुवारीत सगळे कुटुंब तीन आठवडे भारतात जाणार आहे. हा बदल करणे योग्य आहे का, करायचा तर कसा, आणि मांसाला हात लावण्याची सवय नसलेल्या घराने हे कसे निभवावे, असे त्यांनी विचारले आहे.

उपाशी ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल आधी सांगते, कारण तो धोकादायक आहे. फेरेटचे आतडे फार आखूड असते, त्याला अंधांत्र, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी, नसते, आणि खाल्लेले अन्न तीन ते चार तासांत शरीराबाहेर पडते. म्हणूनच निरोगी फेरेट दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा थोडेथोडे खातो. शस्त्रक्रियेपूर्वीसुद्धा आम्ही पशुवैद्य त्याला चार तासांहून अधिक काळ उपाशी ठेवत नाही. लठ्ठ फेरेटने एक-दोन दिवस अन्न सोडले की यकृतात चरबी साठू लागते. चार वर्षांच्या पुढच्या फेरेटमध्ये तर स्वादुपिंडाच्या गाठीची, म्हणजे इन्सुलिनोमाची, शक्यता नेहमीच ध्यानात ठेवावी लागते. या गाठी अवाजवी इन्सुलिन सोडतात, आणि असा प्राणी उपाशी राहिला की रक्तातील साखर झपाट्याने खाली येऊन त्याला झटके येऊ शकतात. तुमचा नर नेमका याच वयाचा आहे. आहारात काहीही बदल करण्यापूर्वी त्याची रक्तशर्करा तपासून घ्या. ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली, म्हणजे ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या मापाने सुमारे ३.९ मिलिमोलच्या खाली असेल, तर पुढचे सगळे वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच आखावे लागेल. मध्येच शून्यात बघत राहणे, मागच्या पायांतील बळ गेल्यासारखे चालणे, लाळ गळणे, तोंडावर पंजे मारणे यांपैकी काही दिसत असेल तर तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

आता ते मांसाकडे पाहतही का नाहीत, याकडे येऊ. फेरेट हा पाणमांजर आणि मिंक यांच्या कुळातला, युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला, संपूर्ण मांसाहारी जीव आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे माणसाने त्याला सशांच्या बिळांत सोडण्यासाठी पाळले. अशा प्राण्याला ताज्या मांसाची ओळख उपजतच असेल असे आपण गृहीत धरतो, आणि तेथेच गल्लत होते. अन्न म्हणजे काय हे फेरेट वासावरून शिकतो, आणि हे शिक्षण आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत बहुतांशी पुरे होते. त्या काळात ज्याचा वास नाकात बसला ते अन्न ठरते; बाकीच्या वस्तू त्याच्या लेखी अन्नच नसतात. तुमच्या नराने ताटलीजवळ येऊन एकदा हुंगले, नाकाने ताटली ढकलली, ताटलीच्या कडेशी पंज्याने उकरल्यासारखे केले आणि तो मागे सरला, असे तुम्ही लिहिले आहे. ते हट्टाचे लक्षण नव्हे. समोर अन्न ठेवले आहे हे त्याला कळलेलेच नाही. भूक वाढवल्याने हे अज्ञान दूर होत नाही, नुसती भूक वाढते. म्हणून या बदलात आपले खरे काम नव्या वासाला जुन्या वासाचा हात धरायला लावणे एवढेच आहे, आणि ते करताना प्राण्याचे पोट एकदाही रिकामे राहता कामा नये.

बदल मुळात करावा का? माझे मत असे आहे की नीट जुळवलेला मांसाहार फेरेटच्या शरीराला दाण्यांपेक्षा अधिक मानवतो, परंतु वाईट जुळवलेला कच्चा आहार चांगल्या दाण्यांपेक्षा कितीतरी अधिक घातक ठरतो. फेरेटला साधारण ३५ ते ४० टक्के प्रथिने, तीही प्राणिज, १५ ते २० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक चरबी, आणि ३ टक्क्यांहून कमी तंतू लागतात. पिष्टमय पदार्थांची त्याला गरज नसते. दाणा यंत्रातून फुलून घट्ट व्हावा यासाठी मात्र त्यात पीठ घालावेच लागते. पाकिटावर पिष्टाचा आकडा बहुधा छापलेला नसतो, पण तो काढणे सोपे आहे. प्रथिने ३६, चरबी १९, तंतू २, राख ७ आणि ओलावा ८ टक्के असा मजकूर असेल तर त्यांची बेरीज ७२ होते, आणि उरलेले २८ टक्के हे जवळपास सगळे पिष्ट असते. वाटाणा, मसूर, बटाटा घातलेल्या ‘धान्यविरहित’ दाण्यांनाही हे तितकेच लागू आहे. शिवाय वनस्पतिज प्रथिने जास्त असलेल्या आहाराने लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइट नावाचे मूतखडे धरण्याचा संभव वाढतो.

या पलीकडचे दावे मात्र जपून ऐकावेत. कच्च्या मांसाने इन्सुलिनोमा टळतो, अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींचा आजार होत नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. अमेरिकेतील फेरेटमध्ये इन्सुलिनोमा युरोपापेक्षा अधिक आढळतो हे खरे आहे, पण दोन्हीकडच्या फेरेटचे वंश, खच्चीकरणाचे वय आणि राहणीही वेगळी आहे. आहाराचा संशय वाजवी असला तरी त्याचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. अधिवृक्क ग्रंथींच्या आजाराचा धागा तर प्रामुख्याने लहान वयातील खच्चीकरणाकडे जातो. ज्यांच्या फेरेटला हे आजार झाले त्या पालकांना ‘तुम्ही दाणे घातलेत म्हणून’ असे सुनावले जाताना मी पाहिले आहे. ते अन्यायाचे आहे आणि शास्त्रालाही धरून नाही.

कच्चे म्हणजे आपोआप पूर्ण, हा दुसरा समज त्याहून जास्त नुकसान करतो. नुसत्या मांसात कॅल्शियम एक भाग तर फॉस्फरस पंधरा ते वीस भाग असते. शरीराला हे प्रमाण निदान बरोबरीचे, आणि वरच्या बाजूला कॅल्शियम दुप्पट, या मर्यादेत लागते. बोनलेस चिकनवर ठेवलेल्या वाढत्या फेरेटचे शरीर ही तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढते. हाडे मऊ पडतात, वाकतात, साध्या उडीने मोडतात. कॅल्शियम मिळावे म्हणून आहारात खाण्यायोग्य कच्चे हाड सुमारे १० टक्के असावे लागते. त्याखेरीज सुमारे १० टक्के अवयव लागतात, त्यांपैकी निम्मी कलेजी आणि निम्मे मूत्रपिंड किंवा प्लीहा. उरलेले ८० टक्के मांस. ब्रिटनमधील कच्च्या खिम्याच्या पाकिटांवर ‘८०:१०:१०’ छापलेले असते ते यावरून. कलेजी आवडते म्हणून वाढवत नेऊ नका, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाऊन विषारी ठरते. हृदय हा स्नायूच असल्याने त्याची गणना मांसात करावी, आणि ते नियमित द्यावे, कारण फेरेटच्या हृदयाला आणि डोळ्यांना आवश्यक असलेले टॉरिन त्यात भरपूर असते.

८०:१०:१० हा अंदाजाचा आधार आहे, पूर्णत्वाचा दाखला नव्हे. त्यात ई जीवनसत्त्व, थायमिन (ब१ जीवनसत्त्व), मँगनीज यांची उणीव सहज राहू शकते. म्हणून पाकीट घेताना एक शब्द नक्की पाहा. ब्रिटनच्या नियमानुसार पाळीव प्राण्यांच्या खाद्यावर ते ‘पूर्ण’ आहे की ‘पूरक’ हे छापणे बंधनकारक आहे. कच्च्या खिम्यांपैकी बरेचसे पूरक असतात, आणि जे पूर्ण असतात त्यांतले बहुतेक कुत्र्यांसाठीचे असतात, ज्यांत भाज्या मिसळलेल्या असतात आणि टॉरिनचा विचार झालेला नसतो. फेरेटच्या पोषणाचा मांजरांइतका सखोल अभ्यास झालेला नसल्यामुळे आम्ही बऱ्याच बाबतींत मांजर आणि मिंक यांच्यावरून अंदाज बांधतो. त्यामुळे तुमच्यासाठी माझा पहिला पर्याय मांजरांसाठीचा, ‘पूर्ण’ असा छाप असलेला, भाज्याविरहित कच्चा खिमा हा आहे. घरी स्वतः मांस, हाड, अवयव तोलून आहार जुळवणे शक्य आहे, पण मांसाची सवय नसलेल्या घराने त्या फंदात पडू नये असे मला मनापासून वाटते.

जुन्या इंग्रजी पद्धतींबद्दलही एक खुलासा करते, कारण शेजारीपाजारी वडीलधारे फेरेटपालक भेटले की त्या हमखास कानावर येतात. दुधात कुस्करलेला पाव ही एके काळी येथील फेरेटची रोजची न्याहारी होती, आणि त्यावर वाढलेले प्राणी कुपोषित राहत. कोंबडीची एक दिवसाची गोठवलेली पिल्ले येथे स्वस्त मिळतात आणि फेरेटना फार आवडतात, पण केवळ त्यांवर ठेवल्यास कॅल्शियम, थायमिन आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता उद्भवते. आठवड्यातून एक-दोनदा द्यायला हरकत नाही. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक रोज दिल्यास बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व बांधले जाते आणि शरीराला मिळत नाही. कच्चे मासे थायमिन नष्ट करू शकतात. बंदुकीने मारलेला ससा किंवा कबूतर कोणी प्रेमाने आणून दिले तरी घेऊ नका, कारण शिशाचे बारीक तुकडे मांसात दूरवर पसरलेले असतात.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवात वजनकाट्याने करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा आणि त्यावर बसेल असा डबा फेरेटसाठी वेगळा घ्या आणि रोज सकाळी खाण्यापूर्वी दोघांचेही वजन वहीत लिहा. येथे ऋतूचे भान ठेवावे लागते. फेरेट शरदात अंगावर चरबी चढवतो आणि वसंतात ती उतरवतो. हा फरक शरीराच्या वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, खच्ची केलेल्यांत तो कमी असतो. तुम्ही सप्टेंबरात सुरुवात करणार आहात, म्हणजे वजन आपसूक वाढण्याच्या दिवसांत. या काळात वजन ‘स्थिर’ राहिले तर समाधान मानू नका. प्राणी पुरेसे खात नसल्याची ती खूण असू शकते. काही दिवसांत ५ टक्के घट दिसली तर एक पायरी मागे या. १० टक्के घट झाली तर बदल थांबवून डॉक्टरांकडे जा. साडेसातशे ग्रॅमच्या मादीत १० टक्के म्हणजे अवघे ७५ ग्रॅम, आणि ते नुसत्या नजरेला कळत नाहीत.

पहिल्या आठवड्यात मांस आणूच नका. त्यांचे नेहमीचे दाणे कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, दाटसर लापशीसारखे करून द्या आणि शेजारी कोरड्या दाण्यांची वाटी राहू द्या. या लापशीने दोन गोष्टी साधतात. वास ओळखीचा राहतो आणि कुरकुरीत खाण्याची सवय सुटून ओल्या अन्नाची सवय लागते. बऱ्याच फेरेटना मांसाइतकाच ओलेपणाही परका असतो, हे पालकांच्या ध्यानात येत नाही. लापशी आवडू लागली की तिच्यात चमचाभर खिमा चांगला एकजीव करा. तुमचे दाणे कोंबडीचे असतील तर खिमाही कोंबडीचाच घ्या. खिमा थेट फ्रीजमधून काढून घालू नका. थंड मांसाला फारसा वास नसतो. भांडे कोमट पाण्यात ठेवून तो शरीराच्या उबेइतका आणा. मायक्रोवेव्ह वापरू नका, कारण त्यात हाडाचे कण शिजतात, आणि शिजलेले हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटते.

पुढे दर तीन-चार दिवसांनी खिमा थोडा वाढवा आणि दाणे तेवढे कमी करा. वजन आणि विष्ठा ठीक असतील तरच पुढची पायरी घ्या. मादी बहुधा तीन-चार आठवड्यांत पूर्ण खिम्यावर येईल. नराला दोन-तीन महिने लागले तरी तो काळ वाया गेला असे समजू नका. चाटायलाही तयार नसेल तर बोटाच्या टोकावर किंचित मिश्रण घेऊन त्याच्या ओठाला लावा. तो जीभ फिरवून ते पुसतो आणि चव कळते. जबडा उघडून तोंडात कोंबणे मात्र पूर्ण वर्ज्य. त्याने अन्नाविषयी तिटकारा बसतो, आणि फेरेट असा तिटकारा फार काळ धरून ठेवतो. थोडा पिवळा बलक किंवा दोन थेंब सॅमन तेल वरून घातले तर पुष्कळदा काम होते. मटणाचे किंवा चिकनचे पाणी घालायचे असेल तर ते मीठ, कांदा, लसूण यांच्याशिवाय उकळलेले असावे. आपल्या घरातला रस्सा चालणार नाही.

दोघांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत खायला घाला, नाहीतर कोण किती खातो ते कळणार नाही. प्रमाण ठरवताना एक ध्यानात ठेवा. दाण्यांत पाणी ८-१० टक्के असते आणि मांसात ७० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ५० ग्रॅम दाण्यांच्या जागी सुमारे दीडशे ग्रॅम खिमा लागतो. एक किलो वजनाच्या प्रौढ फेरेटला दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम हा सुरुवातीचा अंदाज धरा आणि वजन पाहून कमीजास्त करा. दिवसाचे चार भाग करणे उत्तम. पाणी पिणे कमी झालेले दिसेल, त्याची चिंता नको; ते अन्नातून मिळू लागलेले असते.

खिमा रुळल्यानंतर महिनाभराने दुसरे मांस आणा, आधी टर्की, मग ससा, मग कोकरू, प्रत्येक वेळी जुन्यात मिसळून. दोघांची नाके पुन्हा एकाच वासाला चिकटू नयेत यासाठी हे आवश्यक आहे. तुकड्यांची पायरी त्यानंतरची. कोंबडीच्या हृदयाचा अर्धा तुकडा दिलात की फेरेट मान एका कुशीला कलती करून तो मागच्या दाढांनी कातरतो. कात्रीसारख्या चालणाऱ्या त्या दाढांची ही नैसर्गिक हालचाल मऊ खिम्यावर होत नाही, म्हणून खिम्याने दातही साफ होत नाहीत. पंखाचे टोक, सशाची बरगडी अशी बारीक कच्ची हाडे समोर बसून द्या. हाडाचा तुकडा कधीकधी टाळूला आडवा, दोन्ही बाजूंच्या वरच्या दाढांच्या मध्ये अडकतो आणि प्राणी तोंडावर वेड्यासारखे पंजे मारू लागतो. तो दिसत असेल आणि सहज निघत असेल तर काढा, नाहीतर लगेच दवाखाना गाठा. मोठ्या जनावराची जड हाडे देऊ नयेत, सुळे मोडतात.

विष्ठेकडे रोज पाहावे लागेल. मांसावर आल्यावर ती कमी, गडद आणि कमी वासाची होते. एखाद-दुसऱ्या वेळी हिरवट, शेंबडासारखी दिसली तर तो वेगाने पुढे सरकलेल्या अन्नाचा परिणाम असतो. दोन दिवसांत सुधारली नाही तर तपासणी हवी. बाजरीच्या कण्यांसारखे दाणे दिसणे म्हणजे अन्न नीट पचलेले नाही. पांढरट, भुसभुशीत आणि कुंथून होणारी विष्ठा हाड जास्त झाल्याचे सांगते, तर कलेजी जास्त झाली की ती पातळ आणि काळपट होते. डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा ही निराळी गोष्ट आहे. ते जठरातील पचलेले रक्त असते, आणि ताणाखाली असलेल्या फेरेटमध्ये जठराचा व्रण वेगाने वाढतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

फेरेट अन्न लपवतो. दाणे सोफ्याखाली लपवले तर फारसे बिघडत नाही, मांस लपवले तर बिघडते. तुकडे सुरू झाल्यावर तुमची मादी तोंडात तुकडा धरून मागे मागे सरकत झोपायच्या पिशवीत शिरेल, आणि थोड्या वेळाने मोकळ्या तोंडाने बाहेर येऊन दुसरा तुकडा मागेल. प्रत्येक जेवणानंतर लपण्याच्या सगळ्या जागा तपासा. उरलेला खिमा घरातील उबेत दोन तासांत उचला. प्राणी बाहेरच्या खुराड्यात राहत असतील तर उन्हाळ्यात माशा आणि अळ्यांचा धोका खरा आहे.

आता शाकाहारी घराचा प्रश्न. फेरेटला शाकाहारावर ठेवता येत नाही, यात मध्यममार्ग नाही. पण घराचा स्वयंपाक आणि प्राण्यांचे अन्न पूर्णपणे वेगळे ठेवता येते, आणि जंतूंच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे. गॅरेजमध्ये किंवा कपडे धुण्याच्या खोलीत छोटा स्वतंत्र फ्रीझर ठेवा, उणे १८ अंशांवर. तयार खिमा लहान वड्यांच्या रूपात घ्या, म्हणजे कापणे, चिरणे काहीच करावे लागत नाही. दुसऱ्या दिवसाच्या वड्या आदल्या रात्री झाकणाच्या डब्यात, त्याच खोलीतल्या लहान फ्रीजमध्ये वितळायला ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. भांडी स्टीलची आणि वेगळी ठेवा, ती गरम पाण्याने व साबणाने धुवा आणि हात नीट धुवा. मांस नळाखाली मुळीच धुऊ नका. त्याने साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू सिंकभर उडतात. ज्यांना मांस हाताळणे मनापासून नको आहे अशा घरातील माणसांवर हे काम लादू नका. ज्याने फेरेट आणायचे ठरवले त्याने ते करावे, आणि आजींना त्या खोलीत जाण्याची वेळच येऊ देऊ नये.

आजींच्या प्रकृतीची चौकशी मात्र करा. घरात कर्करोगाचे उपचार घेणारे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, गरोदर किंवा पाच वर्षांखालचे कोणी असेल, तर मी कच्चे मांस सुचवत नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, गोठवून सुकवल्यानेही (फ्रीझ-ड्राय) मरत नाहीत. ब्रिटनमध्ये कच्चे खाद्य बनवणाऱ्यांना सरकारी पशुआरोग्य यंत्रणेची मान्यता लागते, माणसांच्या खाण्यास योग्य ठरलेल्या प्राण्यांचेच मांस वापरावे लागते आणि साल्मोनेलाची तपासणी करावी लागते. तरीही २०१८-१९ मध्ये येथील मांजरांत क्षयाची साथ आली होती आणि संशोधकांना तिचा माग हरणाच्या कच्च्या मांसाच्या तयार खाद्यापर्यंत लागला होता. बर्ड फ्लूचा विषयही फेरेटपालकांनी गांभीर्याने घ्यावा. माणसाच्या फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा वेगळा केला गेला तो फेरेटच्याच साहाय्याने, कारण इन्फ्लुएन्झा त्यांना आपल्याइतक्याच सहज होतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात टर्कीचे कच्चे गोठवलेले खाद्य खाऊन एक मांजर बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने दगावले. म्हणून पक्ष्यांचे मांस मान्यताप्राप्त उत्पादकाकडूनच घ्या, रानटी बदके किंवा शिकारीचे पक्षी देऊ नका, आणि आसपास साथ असेल त्या काळात ससा किंवा कोकरू यांकडे वळा. आजींची औषधे त्या प्रकारची असतील तर मांजरांसाठीचे, मांसाचे प्रमाण भरपूर असलेले, ‘पूर्ण’ छापाचे डबाबंद ओले अन्न हा चांगला पर्याय आहे. त्यात पिष्ट कमी असते, ते शिजवून निर्जंतुक केलेले असते, आणि लापशीच्या वाटेनेच फेरेटला त्याची सवय लावता येते.

नराने खिमा अखेरपर्यंत स्वीकारला नाही तर? काही फेरेट स्वीकारत नाहीत. तसे झाल्यास त्याला पिष्ट कमीत कमी असलेले, पहिले दोन-तीन घटक मांसाचे असलेले दाणे द्या, ते भिजवून द्या, आणि जोडीला तो खाईल तेवढे ओले अन्न. इन्सुलिनोमा निघाला तर औषधांबरोबर दर तीन-चार तासांनी प्रथिनयुक्त अन्न पोटात जाणे हे अन्न कच्चे आहे की शिजलेले यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे ठरेल. त्याला झटका आलाच तर हिरड्यांना बोटाने थोडा मध चोळा आणि तडक दवाखान्यात न्या.

फेब्रुवारीच्या प्रवासामुळे दोघेही पूर्ण मांसावर आल्यानंतरसुद्धा दाण्यांची ओळख पुसू देऊ नका. प्राणी सांभाळणाऱ्या अनेक संस्था कच्चे मांस हाताळत नाहीत, दवाखान्यात भरती करावे लागले तर तेथे ते मिळेलच असे नाही, आणि नव्या जागेच्या ताणात अनोळखी अन्न समोर आले तर फेरेट खाणे सोडतो. आठवड्यातून दोन वेळा एखादे जेवण भिजवलेल्या दाण्यांचे ठेवा. जानेवारीच्या सुरुवातीला, जेथे त्यांना ठेवणार आहात तेथे काय देतात ते विचारून, नेमके तेच अन्न घरी मिसळायला लागा. निघताना त्यांच्या वजनाची वही, नराच्या औषधांची माहिती आणि ‘बारा तास खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करावा’ अशी लेखी सूचना सोबत द्या, आणि परत आल्यावर मांसाची सुरुवात पुन्हा मिश्रणापासूनच करा.